आडनाव बघून दार लावणाऱ्या गृहनिर्माण संस्थांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांचे अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि व्यवस्थापक समित्यांचे सभासद

विषय: धर्म, जात आणि खाणं बघून घर नाकारण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात भाडेकरारांची ऑनलाइन नोंदणी करून देते. लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरी जायचं, घरमालक आणि भाडेकरूची माहिती भरायची, थंब घ्यायचे, फोटो काढायचे, दोन ओळखदारांची माहिती घ्यायची आणि करार नोंदवून द्यायचा, हे माझं काम. त्यामुळे घर देणारा, घर घेणारा, मधला एजंट आणि वर बसलेली तुमची समिती, या चौघांचंही बोलणं माझ्या कानावर रोज पडतं. जे ऐकलं आणि पाहिलं त्यावरून हे पत्र लिहिते आहे.

मुद्दा आधीच सांगते. आपल्यातल्या अनेक संस्थांमध्ये मुसलमान कुटुंबाला भाड्यानं घर मिळत नाही, आणि विकत घ्यायचं म्हटलं तर घेऊ दिलं जात नाही. सगळ्याच संस्था अशा नाहीत. ज्या नाहीत त्यांनी हे पत्र शेजारच्या सोसायटीच्या सचिवांना पाठवावं. पण ज्या आहेत त्या थोड्या नाहीत, आणि नव्या इमारती उभ्या राहतायत तशा त्या कमी होताहेत असंही मला दिसत नाही. कुठे दंगल झाली की आपण हळहळतो. शांतता समितीच्या बैठका होतात, सलोख्याची आवाहनं निघतात. पण त्या दिवसाच्या कितीतरी वर्षं आधी माणसं एकमेकांपासून तोडली गेलेली असतात. मासिक सभेत लिफ्टच्या देखभाल-कराराचा आणि टँकरच्या बिलाचा विषय संपतो, चहा येतो, आणि तेवढ्यात कुणीतरी म्हणतं, "सी विंगमध्ये कोण येतंय बघा जरा. तसलं काही नको आपल्याकडे." सगळे माना डोलावतात. माझ्या मते देशातली फूट इथे पडते, आणि ती पाडणारे हात तुमचे आहेत. म्हणून पत्र मंत्र्यांना किंवा पोलिसांना न लिहिता तुम्हाला लिहिलं.

या बोलण्याची नोंद कुठेही होत नाही. इतिवृत्तात ठराव नसतो, उपविधींत, म्हणजे संस्थेच्या नियमावलीत, कलम नसतं, अर्जावर शेरा नसतो. सचिव एजंटला फोनवर एवढंच सांगतात, "चांगली फॅमिली बघून दे, कळलं ना?" एजंटला कळतं. पुढच्या वेळी तो विचारतसुद्धा नाही. मुसलमान गिऱ्हाईक आलं की त्याला तुमच्या रस्त्यानं नेतच नाही, गाडी सरळ मुसलमान वस्तीच्या कोंढव्याकडे वळवतो. तुमच्यापैकी पुष्कळजण मनापासून सांगतील की आम्ही कुणाचाही अर्ज कधी नाकारलेला नाही. खरं आहे. अर्ज तुमच्या टेबलापर्यंत पोचलाच नव्हता.

मध्यंतरीची एक गोष्ट सांगते. मूळचं मिरजेचं कुटुंब. नवरा औषध कंपनीत, बायको रुग्णालयात परिचारिका, मुलगी बालवाडीत. आडनाव इनामदार. हे आडनाव आपल्याकडे ब्राह्मणांत आहे, मराठ्यांत आहे आणि मुसलमानांतही आहे, जसे पाटील आणि देशमुखही आहेत. एजंटनं फोनवर आडनाव सांगितलं, गाव सांगितलं. घरमालकीणबाईंनी होकार दिला, टोकन घेतलं. सचिवांना कळवलं तर तेही म्हणाले, छान, चांगली माणसं येतायत. संध्याकाळी मी मशीन घेऊन गेले. माहिती भरायला आधार कार्डं मागितली, त्या बाईंनी पर्समधून काढून टेबलावर ठेवली. घरमालकीणबाईंनी सहज म्हणून वरचं कार्ड उचललं, नाव वाचलं आणि परत ठेवलं. तोंडावर काही दिसू दिलं नाही. आत जाऊन फोन केला आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "अहो, आमचा भाचा अचानक पुण्याला येतोय. त्यालाच जागा लागणार आहे."

टोकन तिथल्या तिथे परत केलं. चहासुद्धा झाला. नवऱ्यानं तो घेतला, बायकोनं कपाला हात लावला नाही. मुलगी मात्र आतल्या खोलीत जाऊन आली होती आणि आपलं कपाट कुठे ठेवायचं ते आईला सांगत होती. आईनं कार्डं एकावर एक नीट रचली, पर्समध्ये ठेवली, चेन लावली. जिन्यात मला विचारलं, "मॅडम, तुमचे डेटा एंट्रीचे किती झाले?" वाद नाही, रडणं नाही. भाचा येणार आहे हे तिला नव्यानं कळलेलं नव्हतं. याआधीच्या घरांत कुणाची मुलगी बाळंतपणाला येणार होती, कुणाला अचानक रंगकाम काढायचं होतं. ही कारणं तिला पाठ होती.

त्या घरमालकीणबाई दुष्ट नाहीत. त्यांनी आतून फोन केला होता तो सचिवांना, हे मला नंतर एजंटकडून कळलं. सचिवांचं उत्तर असं: "माझं काही नाही हो, पण बाकीचे मेंबर ओरडतील."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्यातले "बाकीचे मेंबर" कोण हे मला खरोखर जाणून घ्यायचं आहे. प्रत्येक समितीत प्रत्येकाचं स्वतःचं काहीच नसतं आणि ओरडणारे नेहमी दुसरे असतात. त्या दुसऱ्यांना कुणी विचारलं आहे का? सर्वसाधारण सभेत हा विषय मांडून हात वर करायला सांगितले आहेत का? पार्किंगच्या रेघांवरून आपण दोन-दोन तास मतदान घेतो. एका कुटुंबाला छप्पर मिळणार की नाही, हे मात्र न विचारलेल्या लोकांच्या न नोंदवलेल्या मतावर ठरतं.

कारणं विचारली की सगळ्यात आधी मटणाचा वास येतो. ज्या इमारतींत रविवारी सकाळी निम्म्या घरांत कोंबडी शिजते आणि पावसाळ्यात सुक्या बोंबलाचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत जातो, तिथेही हेच कारण सांगतात. म्हणजे अडचण वासाची नाही, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक असतं. ज्या संस्था खरोखरच शाकाहारी सभासदांच्या आहेत त्यांच्या भावना मी समजू शकते. माझ्या आजोळी कांदा-लसूणही चालत नसे. पण आपल्या ताटात काय असावं हे ठरवण्याचा अधिकार आपला, शेजारच्या घरातल्या चुलीवर काय असावं हे ठरवण्याचा नाही. आणि हे हत्यार फक्त मुसलमानांवर चालतं असंही समजू नका. दलित कुटुंबांना, ईशान्येतून आलेल्या मुलामुलींना, ख्रिस्ती कुटुंबांना, आणि मुंबईत तर कोळी-मालवणी मराठी माणसालाही ते लागतं.

मुलुंड आठवा. सप्टेंबर २०२३ मध्ये एक मराठी बाई कार्यालयासाठी जागा बघायला गेल्या आणि इथे महाराष्ट्रीयन लोकांना जागा देत नाही असं त्यांना तोंडावर सांगितलं गेलं. व्हिडिओ फिरला, गुन्हा दाखल झाला, सगळे पक्ष तुटून पडले. मलाही संताप आला होता आणि तो रास्त होता, असं आजही वाटतं. आपल्याच शहरात, आपल्या आडनावामुळे, कुणीतरी आपल्याला सांगतं की तुम्ही इथले नाही. मग मिरजेच्या त्या बाईंना वेगळं काय सांगितलं गेलं? मुलुंडच्या बाईंच्या मागे अख्खा महाराष्ट्र उभा राहिला, मिरजेच्या बाईंच्या मागे जिन्यात मी आणि एजंट होतो. त्याही मराठीच आहेत. माझ्याशी बोलल्या त्या सांगली-मिरजेकडच्या ठसठशीत मराठीत. तांबोळी, आतार, मुलाणी, बागवान, शिकलगार ही माणसं आपल्या गावगाड्यातली आहेत. कोकणातल्या कितीतरी मुसलमान घरांत मराठीची आणि कोकणीची बोली सोडून दुसरी भाषा बोलली जात नाही. मिरजेच्या शिकलगारांनी घडवलेले तंबोरे लावल्याशिवाय आपल्या मोठमोठ्या गवयांच्या मैफली सुरू झाल्या नाहीत. तंबोरा चालतो, तर तो घडवणाऱ्याच्या घरच्यांना जागा द्यायला काय हरकत आहे?

दुसरं कारण सुरक्षिततेचं. "उद्या काही झालं तर पोलीस आमच्या दारात." भाडेकरार नोंदवलेला असतो, दोन्ही बाजूंचे अंगठे आणि फोटो सरकारदरबारी असतात, भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यावी लागते. ही सगळी व्यवस्था प्रत्येक भाडेकरूसाठी सारखी आहे. जिच्या भरवशावर तुम्ही एका अनोळखी माणसाला घरात घेता, तिच्यावर दुसऱ्या अनोळखी माणसाच्या बाबतीत विश्वास का उडतो? आणि भाव पडतो म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते की गिऱ्हाइकं कमी केली की भाव पडतो, वाढवली की नाही.

बकरी ईदचं विचारतात ते मात्र टाळण्यासारखं नाही. जून २०२३ मध्ये मीरा रोडच्या एका सोसायटीत एका रहिवाशानं बकरे आणले आणि त्यावरून मोठा जमाव जमला, पोलिसांना यावं लागलं. आपल्याकडेही असं झालं तर, ही भीती लोकांच्या मनात खरी आहे. तिला उत्तर साधं आहे. महापालिकेच्या परवानगीशिवाय सोसायटीच्या आवारात कुर्बानी करता येत नाही, हे कोणत्याही अर्जदाराला आधी सांगता येतं, लेखी देता येतं. जसं गणपतीचा मांडव किती दिवस, डीजे रात्री किती वाजता बंद, होळी कुठे पेटवायची, हे आपण ठरवतो तसंच. नियम वागणुकीला लावावा, आणि लावला की सगळ्यांना लावावा. मी जितक्या मुसलमान कुटुंबांचे करार केले त्यांतल्या एकानंही असा नियम ऐकून कुरकुर केलेली मला आठवत नाही. उलट त्यांना तो कागदावर हवा असतो, म्हणजे पुढे कुणी तोंडी काही सांगायला नको.

याच्या पुढचं दृश्यही लक्षात घ्या. २९ जून २०२३ ला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आल्या. पंढरपूरसह राज्यात कितीतरी ठिकाणी मुसलमानांनी त्या दिवशी कुर्बानी न करण्याचं आपणहून ठरवलं. त्याच वर्षी अनंत चतुर्दशीला ईद-ए-मिलाद आली, तर मुंबईतला जुलूस दुसऱ्या दिवशी काढला. २०२४ मध्ये आणि २०२५ मध्येही विसर्जनासाठी जुलूस पुढे ढकलला गेला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडला मशिदींत गणपती बसतो. हे सगळं पेपरात एक दिवस छापून येतं, आपण कौतुकानं फॉरवर्ड करतो, आणि त्याच फोनवरून एजंटला सांगतो की चांगली फॅमिली बघ.

"ते तरी आपल्याला त्यांच्या वस्तीत घर देतात का? ते आपापल्यातच राहतात." हे मला सुशिक्षित माणसांनी, डॉक्टरांनी, प्राध्यापकांनी ऐकवलं आहे. त्या वस्त्या कशा झाल्या ते आठवायचं वय तुमच्यातल्या पुष्कळांचं आहे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत ज्या दंगली झाल्या त्यांत नऊशे माणसं मेली, असं चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगानं नोंदवलं. त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू होते. जोगेश्वरीच्या राधाबाई चाळीत हिंदू कुटुंब जाळलं गेलं. शहरभर मुसलमानांची घरं शोधून शोधून पेटवली गेली. त्या दिवसांत इमारतींच्या खाली लावलेल्या नावांच्या पाट्या लोकांनी रातोरात उतरवल्या, कारण पाटी वाचून माणसं येत होती. नंतर कितीतरी कुटुंबं मुंबईतली चांगली घरं मिळेल त्या भावाला विकून ठाण्याजवळच्या मुंब्र्याला गेली. हौस म्हणून गेली नाहीत, चार आपले शेजारी असले की रात्री झोप लागेल म्हणून गेली. हिंदू कुटुंबंही अशीच काही वस्त्यांतून उठून गेली. त्या मुसलमान कुटुंबांची मुलं आता मोठी झाली, शिकली, नोकरीला लागली, आणि मुंब्र्यातून, कोंढव्यातून बाहेर पडून मिसळून राहायला आली तर त्यांना दारात आपण भेटतो. आत येऊ द्यायचं नाही आणि मग म्हणायचं की ते मिसळत नाहीत. हा अन्याय आहे, त्याला मी दुसरा शब्द वापरणार नाही.

आणि हो, मुसलमानांच्या सोसायटीत हिंदू कुटुंबाला असंच कारण देऊन परतवलं जात असेल, तर तेही तितकंच चूक. त्यांच्या समित्यांनाही हे पत्र तसंच्या तसं लागू आहे. जैनांच्या, पारशांच्या, ख्रिस्ती संस्थांनाही.

इथे कायद्याचा जाणकार सभासद हात वर करेल आणि २००५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांगेल. अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन गृहनिर्माण संस्थेचा. उपविधींतच फक्त पारशांना सभासदत्व असं लिहिलेलं असेल तर ते चालेल, असं न्यायालयानं त्यात म्हटलं. मला तो निकाल पटत नाही, पण त्याचा आधार तुम्हाला मिळत नाही, कारण तुमच्या उपविधींत असं काहीही लिहिलेलं नाही. एका समाजाच्या संस्थांचा इतिहास जुना आहे हे मान्य. मुंबईच्या गावदेवीची सारस्वत संस्था १९१५ ची, देशातल्या अगदी सुरुवातीच्या गृहनिर्माण संस्थांपैकी एक. त्या काळी परगावाहून आलेल्या माणसांनी एकमेकांना धरून छप्पर उभं केलं. आज तुमच्या इमारती बिल्डरनं बांधल्या, बँकेनं कर्ज दिलं, ज्याला परवडलं त्यानं घर घेतलं. नोंदणी झाली ती खुल्या संस्था म्हणून. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० यात खुलं सभासदत्व नावाचं कलमच आहे, कलम २३. पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही, नाकारलं तर त्याला निबंधकाकडे दाद मागता येते. जागतिक सहकार चळवळीनं १९९५ मध्ये जी तत्त्वं पुन्हा मांडली त्यातलं पहिलंच तत्त्व धर्मावरून भेद न करता खुल्या सभासदत्वाचं आहे. आपण दरवर्षी सहकार सप्ताहाचं बॅनर लावतो, त्यामागे हे आहे.

आदर्श उपविधींप्रमाणे घर भाड्यानं द्यायला सभासदाला संस्थेची परवानगी लागत नाही. आगाऊ कळवायचं, कराराची प्रत द्यायची, पोलिसांकडची नोंद करायची, एवढंच. घर विकायलाही संस्थेचं ना हरकत प्रमाणपत्र सक्तीचं नाही. पण बँक गृहकर्जासाठी ते मागते, आणि तिथे तुमची पकड बसते. नाही म्हणायचं नाही, "पुढच्या सभेत बघू" म्हणायचं. पुढच्या सभेत सचिव गावाला गेलेले असतात. त्याच्या पुढच्या सभेला कोरम नसतो. तोवर कर्जमंजुरीची मुदत संपते, विकणारा वैतागून दुसरं गिऱ्हाईक बघतो, आणि कुणीही कुणाला नकार दिलेला नसतो. हे असं घडताना मी पाहिलं आहे, आणि घडवणारी माणसं एरवी अतिशय सज्जन होती. वरच्या मजल्यावरच्या आजींना दवाखान्यात पोचवायला मध्यरात्री गाडी काढणारी.

कायद्यात मोठी फट आहे, हेही खरं. खासगी घर देताना धर्मावरून भेदभाव केला तर थेट शिक्षा करणारा कायदा आपल्या देशात नाही. मुसलमानांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या केंद्र सरकारच्या सच्चर समितीनं २००६ मध्ये मुसलमानांना घर भाड्यानं आणि विकत मिळण्यात येणाऱ्या अडचणींची नोंद केली आणि समान संधी आयोग नेमा असं सुचवलं. तो नेमला गेला नाही. आपल्या विदर्भातले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात घरमालकांना वेगवेगळ्या आडनावांनी फोन करून हाच प्रश्न तपासला होता, आणि दलित व मुसलमान आडनावांना नकार जास्त मिळतो असं दाखवून दिलं. तेव्हा सरकार कायदा करेल याची वाट बघण्यात मला अर्थ वाटत नाही. दार तुमच्या हातात आहे.

हे दार कसं बंद होतं ते महाराष्ट्राला नवीन असायला नको. १९१७ मध्ये परदेशात शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला गेले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. शेवटी पारशी नाव सांगून ते एका पारशी खाणावळीत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी वर आले आणि संध्याकाळपर्यंत खोली सोड म्हणाले. बाबासाहेब एका हिंदू स्नेह्याकडे गेले, तो म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती स्नेह्याकडे गेले, त्याला बायकोला विचारायचं होतं. बघा, तेव्हाही कुणाचं स्वतःचं काही नव्हतं. एकाचे नोकर आड आले, दुसऱ्याची बायको. बाबासाहेबांनी मुंबईची गाडी येईपर्यंतचा वेळ कामाठी बागेत काढला. त्याच बडोद्यात, हरणी भागात, २०२४ मध्ये सरकारी आवास योजनेतल्या ४६२ घरांच्या संकुलात एका मुस्लिम महिलेला घर लागलं म्हणून रहिवाशांनी आंदोलन केलं. चौदा एप्रिलला बाबासाहेबांच्या फोटोला हार घालताना तुमच्या समितीनं हे आठवावं, ही माझी विनंती आहे.

शेजार असला की काय होतं, याचा पुरावाही आपल्याच राज्यात आहे. भिवंडीत १९७० ला आणि १९८४ ला भयंकर दंगली झाल्या. १९८८ मध्ये तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या सुरू केल्या. त्यांत फार मोठं काही नव्हतं. दोन्हीकडची साधी माणसं, पुढारी नव्हे, ठरावीक दिवशी समोरासमोर बसत. पाण्याच्या, भांडणाच्या, लाउडस्पीकरच्या गोष्टी बोलत. एकमेकांची नावं, मुलं, दुकानं ठाऊक झाली. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली तेव्हा शेजारची भिवंडी, जिचं नाव दंगलीसाठीच घेतलं जायचं, ती शांत राहिली. अफवा आली की माणसं एकमेकांना विचारायला जात होती. नंतर मुंबईतही पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो आणि सतीश सहानी, कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांनी याच धर्तीवर काम उभं केलं. भिवंडीत पोलिसांना मुद्दाम बैठक बोलवावी लागत होती. सोसायटीत ती बैठक जिन्यात, लिफ्टमध्ये, मुलांच्या बसची वाट बघताना रोज होते, आणि तिला पोलीस लागत नाहीत. व्हॉट्सअॅपवर आलेला कुठला तरी व्हिडिओ बघून ज्याचं डोकं फिरतं, त्याच्या मजल्यावर एक मुसलमान घर असतं तर त्यानं निदान दार वाजवून विचारलं असतं. आपण त्याच्या मजल्यावर ते घर येऊ दिलं नाही. त्याला आयुष्यात मुसलमान भेटतो तो फक्त फोनच्या पडद्यावर.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. चौदा दिवस आधी नोटीस निघते. त्या नोटिशीतल्या विषयपत्रिकेत एक विषय घ्या. मसुदा देते, शब्द आपल्या सोयीनं बदला:

"सभासदत्वासाठी अथवा भाडेकरूबाबत आलेल्या कोणत्याही अर्जाचा विचार करताना अर्जदाराचा धर्म, जात, भाषा, प्रांत किंवा आहार विचारात घेतला जाणार नाही. अर्ज नामंजूर झाल्यास त्याचे कारण अर्जदारास लेखी कळवण्यात येईल."

मी राहते त्या संस्थेत हा मसुदा सूचक म्हणून सही करून मी सचिवांकडे दिला आहे. तुमच्या सभेत तो फेटाळला गेला तर फेटाळला जाऊ द्या, पण बाजूनं किती आणि विरोधात किती, हे इतिवृत्तात लिहा. म्हणजे "बाकीचे मेंबर" किती आहेत ते एकदा तरी कळेल. माझा अंदाज असा की ते तुम्ही समजता त्यापेक्षा बरेच कमी निघतील.

आणि मंजूर झाला तर ठरावाची प्रत सूचनाफलकावर लावून थांबू नका. तुमच्या इमारतीची कामं करणाऱ्या प्रत्येक एजंटला ती पाठवा. त्यांना आधी दिलेली तोंडी सूचना अजून चालू आहे, आणि तुम्ही सांगितल्याशिवाय ती बंद होणार नाही.

आपली नम्र,
भाडेकरार नोंदणीचं काम करणारी पुण्यातली एक रहिवासी